गॅलरीतलं बारसं

नंदाची पोर जन्मली ती कमरेवर लिंबाएवढी गाठ घेऊनच. तिथे मणका मिटलाच नव्हता. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून पाठ शिवली, पण पाय हलत नव्हते, आणि पुढे हलतील का हे कुणी छातीठोकपणे सांगेना.

सासूने, सुंदराबाईंनी, तिथेच निकाल लावला. ऐंशी सालचं ते मोठं सूर्यग्रहण आलं तेव्हा नंदाला सातवा होता. "गिराणात भाजी चिरलंस, तेचा फळ ह्या," त्या म्हणाल्या. पोरीला आश्रमात ठेवावं, चाळीत मूल दगावलं म्हणून सांगावं, असं त्यांनी मुलाच्याही कानावर घातलं. सहदेव आईपुढे कधी बोललेला नव्हता.

टाके काढायच्या दिवशी नंदाने डॉक्टर उत्तराबाईंना ग्रहणाचं सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, मणका मिटतो तो अगदी सुरुवातीला, दिवस राहिलेत हे कळतं न कळतं तोवर. सातव्यातल्या ग्रहणाने तो उघडेल कसा? का होतं ते अजून नीट कळलेलं नाही. पण होतं. हजारात तीन-चार बाळं तरी अशी येतात.

"मग अख्ख्या भटवाडीत मला एकही कसं दिसलं नाही?" नंदाने विचारलं.

बाईंनी पोरीचं झबलं खाली ओढलं. "काही जगत नाहीत. जगतात त्यांना घरचे बाहेर काढत नाहीत."

घरी पोचेपर्यंत नंदाचं ठरलं होतं. बारसं करायचं, आणि तेही खोलीत नाही, बाहेर गॅलरीत. सुंदराबाईंनी आपण त्यात नाही म्हणून सांगितलं. नंदाने एकटीने घुगऱ्या शिजवल्या, दारोदार जाऊन आमंत्रणं केली. सहदेवला ती एवढंच म्हणाली, "पाळणा तुम्ही बांधा, नाहीतर मी बांधते."

त्याने स्टूल ओढलं आणि गॅलरीच्या वाशावरून दोर टाकला.

बायका थोड्याच आल्या. त्यातली एक म्हणाली, दृष्ट लागेल, पोरीला झाकून ठेव. नंदाने पोरीला मांडीवर पालथं घेतलं आणि झबलं वर केलं. "एकदाच नीट बघून घ्या. मग चोरून बघायला नको."

बायका मागे सरकल्या. पलीकडच्या चाळीतली शकु मात्र पुढे येऊन त्या व्रणाकडे बघत राहिली. तिची क्षमा आठ वर्षांची, चालत नसे, घराबाहेर दिसत नसे. तापात पाय गेले, असं शकु सगळ्यांना सांगायची.

"माझ्या पोरीला ताप कधी आलाच नव्हता," शकु हळूच म्हणाली. "तिलाही अशीच गाठ होती."

आणि ती उठून गेली. परत आली ती क्षमाला कडेवर घेऊन, भरदुपारी, सगळ्या चाळीसमोरून.

नाव ठेवायला आत्या आली नव्हती. नंदाने क्षमाला पाळण्याशी बसवलं आणि बाळाच्या कानात नाव सांगायला लावलं. अनुपमा. तेवढ्यात सुंदराबाईंनी आतून दार लोटलं. नंदा उठली, दार पुन्हा सताड उघडलं, त्याला पाटा टेकवला आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.