सलामीच्या मंचासमोरचं चेंबर

वर उभी माझी सखी, तिच्या हाती माझा दोर,
खाली काळोख रे बाबा, नको लावू फार जोर...

गटाराच्या चेंबरमधून येणारा नवऱ्याचा हा आवाज म्हातारीच्या कानांतून इतक्या वर्षांत गेला नव्हता. आत उतरणाऱ्याने गात राहायचं, वर दोर धरणाऱ्याने ऐकत राहायचं. गाणं थांबलं की ओढायचं, अशी त्या कामाची रीत.

आज स्वातंत्र्यदिन. सुनेने बारक्याचा, म्हातारीच्या लेकाचा, पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. संचलन बघायला तिघंही जाणार होती. शर्टाची बटणं लावून होतात न होतात तोच मुकादम दारात उभा.

"बारक्या, चल! सलामीच्या मंचासमोर चेंबर तुंबलंय. पाणी गालिच्याला लागलं बघ."

"यंत्र लावा की, मुकादम."

"यंत्रवाल्याला आज सुट्टी."

"आणि मला?"

"तू पक्क्या नोकरीतला माणूस. बापाची जागा चालवतोस. असल्या दिवशीच तर देशाला तुझी आठवण येते!"

"येते ना," सून आतून म्हणाली, "घाण वर आली की नेमकी येते." तिला सातवा महिना होता. "या पोटातल्याचीही जागा राखून ठेवलीय का हो?"

मुकादम हसला. "जीभ भारी आहे हं वहिनींची. आणि काय रे, बापासारखी सकाळीच लावली नाहीस ना?"

बारक्याची मान खाली गेली. बाप दारूच्या नशेत आत पडून मेला, हे ऐकतच तो मोठा झाला होता. म्हणून त्याने कधी थेंबाला हात लावला नव्हता. त्याने शर्ट उतरवला. जोडीदार आजारी होता. म्हातारीने दोर खांद्यावर घेतला.

रस्ता धुऊन लखलखीत केला होता. खांबाखांबाला झेंडे. पहारीने झाकण सरकवलं तशी कुजकी वाफ वर आली आणि रांगेतल्या शाळकरी मुलींनी नाकं दाबली. बारक्याने दोर कमरेला बांधून एक पाय आत सोडला. तेवढ्यात बँड सुरू झाला, असा दणक्यात, की शेजारच्याचं बोलणं कळेना.

मुकादम त्याच्या कानाशी ओरडला, "आटप लवकर! पाहुण्यांच्या गाड्या आल्या, तर झाकण जरा वेळ ओढून घेऊ. तू आपला गप बसून राहा आत."

म्हातारी पुढे झाली, लेकाच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं आणि त्याच्या कमरेची गाठ सोडू लागली.

"आई, काय करतेस? नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

"म्हातारे, हो बाजूला!" मुकादम धावला. बँडवाल्यांचे हात थबकले. मंचावरच्या माना वळल्या.

"तुझा बाप प्यायला नव्हता," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "असाच दिवस होता. मी ओरडत होते, बँड वाजत होता. नंतर या मुकादम-साहेबांनी सांगितलं, दारू प्यायला होता म्हण, पोराला जागा देतो. मी म्हटलं रे. तुझ्या तोंडात घास पडावा म्हणून म्हटलं, आणि तुला त्याच भोकात घातलं."

तिने दोर मुकादमाच्या पायाशी टाकला.

"पाहुण्यांना वास नको म्हणून झाकण लावलं यांनी. लावलं तेव्हा तो जिवंत होता."