शेजारलग्न डॉट कॉम

“हा शब्द कुठे ऐकलास?” द्रष्ट्यांनी विचारलं.

बायको समोर बसली होती. तिच्या कपातल्या चहावर साय धरली होती, कारण मनातलं वाक्य तोंडापर्यंत आणायला तिला अख्खा चहा गार करावा लागला होता. वाक्य एवढंच होतं : “अहो, मी शेजारलग्नाचा विचार करतेय.”

“समुपदेशक बाईंकडे,” ती म्हणाली. “लग्न मोडायचं नाही, पण राहायचं वेगळं. शेजारी-शेजारी. ज्याची त्याची किल्ली, ज्याचा त्याचा ओटा. एकमेकांकडे जावंसं वाटेल तेव्हा बेल वाजवून जायचं.”

“बाईंचा स्वतःचा शब्द, की कुठून उचललेला?”

“त्यांचाच असावा. का?”

“तिथे येणाऱ्या बाकीच्या बायकाही वापरतात?”

“बाहेर बाकावर दोघी-तिघी बोलत होत्या. अहो, पण मी आपल्या दोघांबद्दल—”

“वय काय त्यांचं? साधारण?”

“माझ्याएवढ्या.”

“म्हणजे हातात पैसा आहे,” द्रष्टे म्हणाले आणि उठले.

आतल्या खोलीतून टकटक ऐकू आली. मग शांतता. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. परत आले तेव्हा चेहऱ्यावर पोरगं बोर्डात आल्यासारखा उजेड होता.

“मोकळं होतं! मिळालं! जोडून लिहिलेलं घेतलं, मध्ये रेघ असलेलंही घेतलं. तुझा कान तयार झाला हं!”

बायकोने चहावरची साय बोटाने बाजूला केली आणि गार चहा पिऊन टाकला.

द्रष्टे हे त्यांचं नाव नव्हे. ते मेहुण्याने ठेवलेलं, आणि टोमणा म्हणून ठेवलेलं. पण द्रष्ट्यांना टोमणे अंगाला लागत नसत, त्यांनी ते पदवी म्हणून वापरायला घेतलं. धंदा म्हणाल तर असा : इंटरनेटवरच्या पत्त्याचं नाव जो आधी नोंदवेल त्याचं. वर्षाचं भाडं भरत राहायचं आणि वाट बघायची. पुढे त्या शब्दाचे दिवस आले, कुणी कंपनीवाला धापा टाकत आला, की मागेल तो भाव घेऊन नाव त्याच्या हवाली करायचं. सारी करामत शब्द आधी ओळखण्यात. जगाच्या जिभेवर यायच्या आधी तो आपल्या खिशात पाहिजे.

असा एक शब्द त्यांनी खरोखरच ओळखला होता. तेव्हा ते रंगाच्या कारखान्यात गोदामबाबू होते. डबे मोजता मोजता एक नाव सुचलं, नोंदवलं, आणि दोन वर्षांनी एका परक्या कंपनीने ते उचललं. त्या पैशांत फ्रिज आला, घराचे तीन हप्ते फिटले आणि द्रष्ट्यांच्या डोक्यात हवा गेली. फ्रिज बिघडला, बदलला, बदललेलाही बिघडला. हवा तशीच आहे. नोकरी सोडली. बायको कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होती. तिने ओव्हरटाइम धरला. अनोळखी लोकांना चावायला दात द्यायचे आणि घरातल्या माणसाला शब्दांचं भाडं, असा तिचा संसार.

शब्दांचा साठा मात्र बघण्यासारखा होता. गच्चीमासे डॉट कॉम. ड्रोनन्हावी डॉट कॉम. वासफोन डॉट कॉम — फोनवरून वास पाठवता येणार, असं कुणीसं म्हणालं होतं. चष्माटीव्ही तर डॉट कॉम आणि डॉट इन अशा दोन-दोन शेपट्यांसकट घेतलेलं. ही मंडळी दर वर्षी न चुकता भाडं खात होती आणि जागच्या जागी बसून होती. द्रष्टे त्यांना ‘पिकायला ठेवलेली’ म्हणत. मेहुणा म्हणे, “भाऊजी, आता वास यायला लागला. पाठवा फोनवरून.”

लोकांबद्दल द्रष्ट्यांचं मत वाईट होतं, आणि ते लपवण्याची तसदी ते घेत नसत. “लोकांना स्वतःला काय हवंय ते कळत नाही,” ते सांगत, ऐकणारा लोकांपैकीच आहे याची पर्वा न करता. “आधी प्रश्न येतो. माणूस लांबलचक वाक्यात विचारतो, अडखळत, लाजत. मग त्या प्रश्नाला शब्द मिळतो. मग जाहिरात. सगळ्यात शेवटी नातेवाईक. नातेवाइकाच्या तोंडी शब्द आला की समजा मेला. पेपरात आला तर तेरावा झाला.” म्हणून ते सकाळभर परक्यांचे प्रश्न वाचत. कुठल्या कोपऱ्यात कोण काय विचारतंय, कुठला शोध गेल्या महिन्यापेक्षा वर चढलाय, कुठल्या कंपनीने कधी न ऐकलेल्या हुद्द्याची जागा काढलीय. आलेख बघताना ते जेवण विसरत. बायको ताट झाकून कामाला जाई.

चहाच्या त्या सकाळी बायको गप्प बसली नाही, एवढं तिच्या बाजूने मांडून ठेवलं पाहिजे. कप धुऊन ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“समोरचा ब्लॉक रिकामा झालाय. मास्तरीणबाई मुलाकडे गेल्या. मालक मला भाड्याने द्यायला तयार आहेत. या महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत.”

“समोरचाच?” द्रष्टे पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. “वा. म्हणजे कल्पना व्यवहारात उतरू शकते.”

“मला जायची हौस नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही एकदा माझ्याबरोबर बाईंकडे या. दर बुधवारी जाते मी, साडेचारला. एकदा या, बसा, बोला. मग मी किल्ली घेणार नाही.”

“येऊ की. बोलू. नक्की बोलू.”

“कधी?”

“हे बघ, हे आत्ता गरम आहे. तू एक कर, पुढच्या खेपेला बाईंना सहज विचार, या शेजारलग्नासाठी महिन्याला साधारण किती जणी येतात. आकडा मिळाला तर बरं.”

तिने दार ओढून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर कदाचित त्यांनी वळून पाहिलं असतं.

पुढच्या रविवारी मेहुणा आला. जोडे न काढताच कोचावर बसला, म्हणजे भांडायला आला होता.

“भाऊजी, ताई वेगळं राहायचं म्हणतेय. शेजारलग्न की काय ते.”

द्रष्ट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “तुला हा शब्द कुणी सांगितला?”

“म्हणजे?”

“कुणी सांगितला? ऑफिसात ऐकलास? टीव्हीवर आला?”

“ताईने सांगितला! तुमच्या बायकोने! माझ्यासमोर बसून रडली ती!”

“हां, मग ठीक आहे,” द्रष्टे म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं. “मला वाटलं पसरला.”

मेहुणा त्यांच्याकडे बघत राहिला. बाजारात सडकं फळ उलटून बघतात तसा. मग हळू आवाजात म्हणाला, “तुमचा तो नियम काय? आधी प्रश्न येतो, मग शब्द, बरोबर?”

“बरोबर. तुझ्या लक्षात आहे तर.”

“ताई किती वर्षं विचारतेय? ‘आज तरी दोघं मिळून जेवायचं का?’ ‘मी आत्ता काय म्हणाले, सांगा बघू?’ माझ्यासमोर विचारलंय तिने. अडखळत, लाजत. ते नाही दिसलं तुमच्या आलेखात?”

द्रष्ट्यांनी यावर थोडा विचार केला, हे खरं. प्रामाणिकपणे केला.

“घरातल्या बोलण्याचा डेटा नसतो रे,” ते म्हणाले.

“तुम्ही धन्य आहात. ती जाईल हां भाऊजी.”

“जाईल कुठे? समोरच तर राहणार. कल्पनाच तशी आहे!”

मेहुणा उठला, चहा न घेता गेला. द्रष्ट्यांना त्याची कीव आली. हिशेबी नोकरी करणाऱ्यांना पुढचं दिसत नाही, हे त्यांचं जुनंच मत होतं.

आणि मग, महिना संपायला चार-पाच दिवस असताना, ज्याची त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली ते घडलं. पत्र आलं. ‘शेजारलग्न हे नाव आपल्याकडे आहे असे दिसते. आम्हाला या विषयावर मार्गदर्शन केंद्र सुरू करायचे आहे. आपण ते देऊ शकाल का?’ खाली समुपदेशक बाईंची सही.

दुसऱ्या कुणाला या ठिकाणी जरा शरम वाटली असती. बायकोने आपलं दुखणं ज्या बाईपुढे मांडलं, त्या बाईचाच शब्द बायकोच्याच तोंडून ऐकून, त्या बाईआधी नोंदवून, आता तिलाच विकायचा. द्रष्ट्यांना आनंद झाला. गिऱ्हाईक एवढ्या लवकर आणि एवढं जवळून, हा अंदाज त्यांचाही नव्हता. त्यांनी भाव कळवला. भाव वाचून बाईंनी फोन केला.

“अहो, हा शब्द आमचाच आहे. मीच काढलाय.”

“काढलात, पण घेतला नाहीत,” द्रष्टे गोड आवाजात म्हणाले. “सगळे असंच करतात. त्यावरच तर आमचं चालतं.”

“एवढे पैसे मी देऊ शकत नाही. समोरासमोर बोलता येईल का? बुधवारी दुपारी या. दोन पेशंटच्या मध्ये थोडा वेळ काढते.”

“येतो.”

आपण कोण, कुणाचे नवरे, हे ते बोलले नाहीत. धंद्यात ओळख सांगितली की भाव उतरतो.

बुधवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दाढी केली. आरशात बघून केस पाण्याने बसवले. समुपदेशक बाईंची जागा एका औषधाच्या दुकानाच्या वरती होती. अरुंद जिना, वर पांढरी भिंत, प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि कागदी पेले. द्रष्ट्यांनी आल्या आल्या माणसं मोजली. पाचपैकी तीन खुर्च्या भरलेल्या. दोन बायका, एक म्हातारा. पन्नाशीच्या आसपासचं गिऱ्हाईक, कपडे बरे, चपला चांगल्या. मनातल्या मनात त्यांनी भाव आणखी थोडा चढवला.

कडेच्या खुर्चीवरच्या बाईने मान वर केली. ती त्यांची बायको होती.

लॅबमधून थेट आली असावी. बोटांच्या पेरांना कवळ्यांच्या साच्याचं प्लास्टर लागलं होतं. तिने त्यांचा शर्ट पाहिला. गुळगुळीत दाढी पाहिली. बसवलेले केस पाहिले. या माणसाने तिच्यासाठी म्हणून कित्येक वर्षांत शर्टाला इस्त्री केली नव्हती. तिचे ओठ जरासे उघडले, आणि तसेच राहिले.

“तुम्ही आलात?” ती म्हणाली.

बुधवार साडेचार हे त्यांना सांगितलेलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. पण ते आत्ता आठवून उपयोग नव्हता.

तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. रुमालाने खुर्ची पुसली. पुसायची गरज नव्हती.

“बसा ना.”

ते बसले. दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते. तिच्या अंगाला लॅबमधल्या मेणाचा मंद वास होता, आणि आश्चर्य म्हणजे तो त्यांना ओळखीचा वाटला.

“मालकांचा सकाळी फोन आला होता,” ती पुटपुटली, समोरच्या भिंतीकडे बघत. “किल्ली तयार आहे म्हणाले. मी म्हटलं, आजचा दिवस थांबा. वेड्यासारखं म्हटलं. तुम्ही याल असं काही मला वाटलं नव्हतं, पण म्हटलं.” तिने हसण्याचा प्रयत्न केला. “आत गेल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. नुसते बसा. बाकी मी बोलते.”

द्रष्ट्यांनी तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की इथे काहीतरी वर चढतंय, झपाट्याने, आणि ते अजून कुणाला दिसलेलं नाही. गप्प बसलं की झालं. नुसतं बसून राहायचं होतं.

आतलं दार उघडलं. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून रांगेकडे पाहिलं.

“ते ‘शेजारलग्न’ या नावाचे मालक कोण? विकायला आलेत ते?”

खुर्च्यांच्या रांगेत कुणी हललं नाही. म्हाताऱ्याने उगाच घसा खाकरला. द्रष्ट्यांना खांद्याला लागलेला खांदा जाणवत होता; तो कडक झाला होता, पण अजून दूर सरकला नव्हता.

त्यांनी हिशेब केला. पाच मिनिटांचं काम. फार तर दहा. आकडा ठरवायचा, हात मिळवायचा, बाहेर यायचं, आणि मग निवांत बसून हिला सगळं समजावून सांगायचं. पैसे आले म्हटल्यावर तिलाही पटेल. ती कुठे पळून चाललीय?

“मीच,” ते म्हणाले आणि उठले. “आलोच हं,” हे बायकोला.



दारापर्यंत जाताना त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मागे जिन्यावर पावलं वाजली. कुणी नवीन बाई धापा टाकत वर आली होती, हातात फाइल. तिने रांगेवरून नजर फिरवली, ती द्रष्ट्यांच्या रिकाम्या खुर्चीवर थांबली.

“इथे कुणी बसलंय का हो?” तिने विचारलं.

“नाही,” द्रष्ट्यांची बायको म्हणाली. “बसा.”