बिनभिंतीची बाजू

गारगोटी रस्त्याला कोल्हापूर संपता संपता फराज मुजावरनं एक कॉलनी आखली होती. तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला आकाराम पाटलांचा ऊस. फराज तेव्हा नवा नवा आर्किटेक्ट होता आणि नव्या आर्किटेक्टला गप्प बसवत नाही. घरं संपली की लगेच भिंत आणि भिंतीपलीकडं शेत, असं कशाला, असं त्याचं म्हणणं. मध्ये करंज असावेत, बांबू असावा, एक पायवाट असावी. माणूस फिरायला निघाला की शहर कुठं सुटलं आणि रान कुठं लागलं हे त्याला कळूच नये. बिल्डरला ही कल्पना फार आवडली, कारण एका भिंतीचा खर्च वाचत होता. कडेचा शेवटचा प्लॉट फराजनं आईच्या, जरीनाबींच्या नावावर घेतला आणि मायलेक तिथं राहायला आले.

पुढं करंज चांगले वर आले, घरं भरली, आणि दोन हजार चारच्या थंडीत पहिल्यांदाच लोकांच्या डोळ्यांदेखत ऊसतोड सुरू झाली.

तोडकऱ्यांची टोळी पलीकडच्या कच्च्या रस्त्यानं आली आणि तिकडूनच तोडायला लागली. ऊस तुटत येतो तसं त्यातलं साप-कोल्ह्यांचं जित्राब उभ्या उसात मागं मागं सरकतं. शेवटचा तुकडा पडला की ते मोकळं होतं आणि समोर दिसेल तिकडं पळतं. इथं समोर होती कॉलनी. शाहूपुरीत स्पेअर पार्टचं दुकान चालवणारे बाळासो सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी फराजला रस्त्यातच गाठलं.

"फराजभाई, एक जरी साप आत आला तर दुसऱ्या दिवशी भिंत. झाडं मधी आली तर झाडं काढायची. आधीच सांगून ठेवतो."

त्या दिवसापासून फराजला घास गोड लागेना. ऑफिसात कागदावर रेघ ओढताना त्याला उसाची कडा दिसायची. घरी आला की चप्पल न काढता तो आधी गच्चीवर जायचा आणि किती ऊस उरला ते बघायचा. खाली करंजाखालच्या कट्ट्यावर त्याची आई रोजच्यासारखी निवांत बसलेली असायची. तिला धड दिसत नव्हतं. पायाशी दोरी आहे की घोणस, हेसुद्धा तिला कळलं नसतं.

"अम्मी, आत चल."

"मी कुणाचं काय केलंय?" ती म्हणायची. सापाला हे कोण सांगणार, हा फराजचा प्रश्न होता. भिंतीचं एक वेळ राहू दे, आईला काही झालं तर हा मोकळा काठ आपणच आखलाय, हा विचार त्याचं काळीज कुरतडत होता.

शेवटी तो आकारामकाकांकडं गेला. काका बांधावर तंबाखू मळत बसले होते.

"काका, तोड आमच्या बाजूनं सुरू करायची होती. जनावरं पलीकडं ओढ्याला गेली असती."

"व्हय की. दरसाल तसंच करत हुतो." काकांनी तंबाखू तोंडात टाकली. "गाडी जिथं हुभी ऱ्हाईल तिथनं तोड सुरू हुती. आमची गाडीवाट कुठं गेली, सांगा बघू."

फराजनं मागं वळून बघितलं. गाडीवाटेवर त्याचे करंज उभे होते. नकाशात ती वाट म्हणजे दोन पुसट रेघा होत्या, आणि झाडं लावायला आयता सरळ पट्टा मिळाला म्हणून तो तेव्हा खूश झाला होता. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"मग आता?"

"आता काय, घाला गाड्या तुमच्या अंगणातनं," काका हसत म्हणाले. त्यांनी चेष्टा केली होती. फराजनं ती खरी धरली.

सकाळी त्यानं घराचं फाटक बिजागरीतून उचलून भिंतीला टेकवलं, आईच्या मोगऱ्याच्या कुंड्या बाजूला ओढल्या, आणि कॉलनीच्या डांबरी रस्त्यानं घुंगरं वाजवत आलेल्या बैलगाड्या अंगणातून उसाच्या कडेला उतरल्या. जरीनाबींनी बैलांना पाणी ठेवलं. मग टोळीनं कॉलनीच्या बाजूनं कोयते घातले. मजा बघायला सगळी कॉलनी गच्च्यांवर चढली होती. फराज हातात काठी घेऊन करंजांपाशी उभा राहिला. 

उन्हं कलताना शेवटची पट्टी उरली. आतून आधी दोन कोल्ही सुटली आणि वळूनही न बघता ओढ्याकडं गेली. मग तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून काहीतरी लांबलचक सळसळत गेलं, तेही ओढ्याकडंच. शेवटचा ऊस पडला, आणि कॉलनीकडं एक उंदीरसुद्धा फिरकला नव्हता. फराज आहे तिथंच मातीत बसला. त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

संध्याकाळी बाळासो आले. पाठ थोपटायला आले असावेत, असं फराजला वाटलं.

"मानलं बघा तुम्हाला. साप न्हाय आला," बाळासो म्हणाले. "पर रस्ताभर शेण पडलंय. टोळीतल्या बायका दिवसभर आमच्या पायऱ्यांवर बसल्या हुत्या, नळावर पाणी भरत हुत्या. दरसाल हे चालायचं न्हाय. मिटिंग झाली आमची. भिंत घालायची."

 इतके दिवस सापाच्या भीतीनं फराजची झोप उडाली होती, आणि सापाला घाबरणारा कॉलनीत तो एकटाच होता, हे त्याला आत्ता कळत होतं.

"कुठनं कुठवर घालणार?" जरीनाबींनी विचारलं.

"त्या टोकापासनं ह्या टोकापर्यंत, भाभी."

"हे टोक माझ्या अंगणात हाय. तेवढं सोडून घाला."

बाळासो गेले. फराज उठला, भिंतीला टेकवलेलं फाटक उचलून बिजागरीत बसवायला लागला.

"ऱ्हाऊ दे ते," जरीनाबी म्हणाल्या. "पुढच्या साली गाड्या कुठनं जाणार?"