मावशींच्या झाडाचा अर्क

मी अर्क बोलतोय, झाडाच्या पाल्याचा. तपकिरी बाटलीत, वरून फॉइल गुंडाळून मला प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवलंय. उजेड लागला की मी बिघडतो म्हणे. एवढी बडदास्त माझ्या आईच्या वाट्याला कधी आली नाही.

माझी आई म्हणजे फाटकाबाहेरचं झाड. त्याच्या सावलीत एक मावशी इस्त्रीचं टेबल मांडतात. संशोधन करणाऱ्या ताई पाला मागायला गेल्या, तेव्हा मावशींनी स्वतः फांदी वाकवून धरली.

"घे गं, हवा तेवढा घे. पाला काय, पुन्हा येतो."

ताईंनी तो पाला सावलीत वाळवला, दळला, अल्कोहोलमध्ये भिजवला. गाळून, आटवून उरलो तो मी. मग माझा थेंब जांभळ्या द्रावणात पडला आणि ते बघता बघता पिवळं झालं. म्हणजे मी कामाचा निघालो! तेल खवट होऊ नये, कापलेलं फळ काळं पडू नये, असा गुण माझ्या अंगी आहे. ताईंनी टाळ्या पिटल्या. मीही फुशारलो. मूर्ख होतो, आईच्याच मुळावर आलो होतो.

मोठे सर म्हणाले, "आणखी अर्क लागेल. पाला त्याच झाडाचा आण. झाड बदललं की सगळं पहिल्यापासून."

"सर, त्याला आत्ता कुठे पालवी फुटतेय. पुन्हा ओरबाडलं तर..."

"तुला पदवी हवीय की झाड?"

ताईंना पदवी हवी होती. रडत रडत का होईना, त्यांनी झाड बोडकं केलं. पुन्हा कोवळी पालवी आली, तीही खुडली. त्यानंतर काही आलंच नाही.

मावशी भर उन्हात इस्त्री फिरवू लागल्या. एका दुपारी घेरी येऊन पडल्या आणि तापलेली इस्त्री हातावर आली. हाताला पट्टी बांधून त्या थेट प्रयोगशाळेत आल्या.

"पोरी, तुझ्या अर्काने वस्तू टिकतात ना? थोडा दे. झाडाच्या बुंध्याशी ओतते."

सर हसू दाबत पुटपुटले, "दे काहीतरी. ब्याद टळेल."

वाळलेल्या झाडात जीव ओतणं मला जमत नाही. तरी मला जायचं होतं, आईच्या पायाशी. पण ताईंनी नळाच्या पाण्यात हिरवा रंग कालवला.

"रोज थोडं घाला, मावशी. फुटेल पालवी."

"तुझं भलं होवो गं बाई."

फ्रीजचं दार उघडलं की समोरच्या खिडकीतून मला त्या दिसतात. पाणी घालतात, नखाने साल खरवडून हिरवं दिसतं का बघतात, आणि पुन्हा उन्हात उभ्या राहतात. मला लाज वाटते.

वाचणाऱ्यांनो, माझं फॉइल काढा, मला उन्हात ठेवा, खुशाल नासू द्या. पण मावशींना एवढं सांगा की झाड मेलंय, टेबल दुसऱ्या सावलीला न्या. ताई सांगणार नाहीत. काल मावशींची हिरव्या पाण्याची बाटली संपली, तेव्हा ताईंनी तीच पुन्हा भरून दिली.