लाईट गेली होती

शिवशरण यांनी पेन काचेच्या टेबलावर असा आपटला, की टोपण उडून थेट स्पीकरखाली गेलं.

"सही करत न्हाय! तिसऱ्यांदा आलास तू पुण्याहून, आन् खडखड हाय तितंच हाय. 'काम समाधानकारक' म्हणून सही करू? कुणाचं समाधान झालं हितं?"

ऋतुराजने वाकून टोपण उचललं. कंपनीचा हा चाळिशीतला इंजिनिअर; श्रीमंत गिऱ्हाइकांचा राग गिळण्याचाच निम्मा पगार त्याला मिळत असावा.

"काका, केबल बदलली. स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले. विजेची लाइन वेगळी केली. मशीनमध्ये दोष सापडत नाहीये."

"म्हणजे माझ्या कानात हाय?"

ऋतुराज टोपण पुसून पेनाला बसवू लागला, आणि शिवशरण यांचं डोकं आणखीच फिरलं. फिरणार नाही तर काय? खाली शेंगाचटणीचं दुकान आणि वर घर. चाळीस वर्षं शेंगा कुटून जे साठवलं, त्यातला मोठा घास या दोन काळ्या धोंड्यांनी गिळला होता. छातीइतके उंच स्पीकर, तांब्याच्या रंगाचा अँप्लिफायर, कॅसेट लावायला वेगळं यंत्र. विकणारा म्हणाला होता, "साहेब, गाणारी बाई तुमच्यासमोर येऊन बसल्यासारखी वाटेल." त्या एका वाक्याला ते भुलले होते. नाहीतर घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा न घेणारा हा माणूस.

गाणारी बाई म्हणजे त्यांची बायको, गुरम्मा. तिला जाऊन पाच वर्षं होत होती. रविवारी पुण्यस्मरण होतं, अक्कलकोटहून सगळं गणगोत येणार होतं. तिच्या आवाजाची एकच कॅसेट घरात उरली होती, तीस वर्षांपूर्वीची. एक कानडी पद, तेही अर्धंच. अर्धं का, ते घरातल्या लहानथोरांना पाठ होतं. पद रंगात आलं आणि लाईट गेली. मग राहूनच गेलं. त्याच सुमारास रेडिओवर आवाजाच्या चाचणीला बोलावणं आलं होतं, पण गुरम्मा गेली नाही. "लाजाळू होती लई. तिलाच नको होतं," शिवशरण दर कार्यक्रमात सांगत, आणि सांगताना खरोखर डोळे टिपत.

जुन्या टेपरेकॉर्डरवर गाणं तुटलं की नुसती घरघर यायची. ती त्या डबड्याच्या मोटरचीच, असं सगळे धरून चालले होते. आता एवढी किंमत मोजल्यावरही खडखड असावी? उलट जास्तच ठळक? गाणं संपतं आणि मशीन आपलं खडखडतच राहतं! लोकांसमोर शोभा होणार ती वेगळीच.

"एकदा लाव परत. ही पण ऐकू दे. मी म्हातारा, मला कळत न्हाय म्हणशील."

'ही' म्हणजे मुलगी, धनलक्ष्मी. मोडनिंबच्या शाळेत शिकवणारी, पुण्यस्मरणासाठी सकाळीच आलेली. नव्या मशीनवर तिने आईला अजून ऐकलं नव्हतं. पदराला हात पुसत ती सोफ्याच्या कडेवर टेकली.

ऋतुराजने कॅसेट लावली. गुरम्मा गाऊ लागली. किंचित अनुनासिक, मोकळा आवाज. ओळ घेण्याआधी श्वास भरलेलासुद्धा ऐकू येत होता. धनलक्ष्मीने डोळे मिटले. मग गाणं तुटलं, आणि ठक-खडक, ठक-खडक सुरू राहिलं.

"ऐकलीस खडखड?" शिवशरण गरजले. "ह्याला म्हणं दोष सापडंना!"

"अप्पा, ही मशीनची नाही." धनलक्ष्मीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हे विजेवरचे माग आहेत. आपल्या मागच्या गल्लीतले. तिथं आता ती इमारत झाली ना, त्याआधीचे. लहानपणी याच आवाजात झोपायचे मी."

"बघा," ऋतुराज सुटकेने म्हणाला. "म्हणजे कॅसेटमध्येच आहे."

शिवशरण काही बोलणार होते. पण धनलक्ष्मीचं हसू हळूहळू मावळताना त्यांना दिसलं. ती स्पीकरकडे बघत होती.

"अप्पा, लाईट गेली होती ना?"

"व्हय की."

"लाईट गेल्यावर माग कसे चालतील?"

खाली दुकानात कुणीतरी पाव किलो चटणी मागत होतं. शिवशरण यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला घेतला.

"परत लावा," धनलक्ष्मी ऋतुराजला म्हणाली. "आवाज वाढवा."

या वेळी शिवशरण यांनीही ऐकलं. इतके दिवस ते भांडतच होते, ऐकत नव्हते. गाण्याच्या मागे माग चालले होते. मग लाकडी जिन्यावर पावलं वाजली. भरभर, टाच आपटत वर येणारी. पद एका शब्दाच्या मध्येच तुटलं. माग चालूच होते. बांगड्या वाजल्या, कुणी हात आडवा घातल्यासारख्या. आणि खट्.

टेपरेकॉर्डरचं ते बटण किती कडक होतं, हे त्यांच्या अंगठ्याला आठवलं. 'खाली गिऱ्हाइकं ऐकलालेत, कळतंय का?' हे आपण बटण दाबण्याआधी म्हणालो की नंतर, ते मात्र आठवेना. कॅसेटवर ते नव्हतं, म्हणजे नंतरच. लाईट गेल्याचं त्यांनीच त्याच रात्री जेवताना पहिल्यांदा सांगितलं होतं. ताट वाढणारी गुरम्मा काही बोलली नव्हती. पुढेही कधीच नाही.

विकणारा खोटं बोलला नव्हता. ती समोर येऊन बसली होती.

"काका, तक्रारीच्या जागी काय लिहू?" ऋतुराजने अंदाज घेत विचारलं.

शिवशरण यांनी कागद ओढला. चष्मा हातातच राहिला होता, त्यामुळे सही रेघेच्या खाली उतरली.

"मशीन बरोबर हाय, लिही."

धनलक्ष्मीने कॅसेट काढून डबीत ठेवली.

"रविवारी लावायची का, अप्पा? सगळ्यांसमोर?"

त्यांना 'नको' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही त्यासाठीच.

"लावायची," ते म्हणाले. "आन् मधी कुणी बंद करायचं न्हाय."