डोळा उघडल्याचा रविवार

बसा हो, टेका जरा. दोन पंक्चर निघालीत, सोल्यूशन सुकायला वेळ लागणार. तोवर आमच्या बायकोने परवाच्या रविवारी काय पराक्रम केला तो सांगतो. खोटं वाटलं तर माझा कान धरा.

बायको शिवणकाम करते. एक डोळा लहानपणीच गेलेला. राहिला त्यात मोतीबिंदू पिकला. सुईत दोरा मी ओवून द्यायचो, रस्त्यात माझी बाही धरून चालायची. त्या एकुलत्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणजे सगळा डावच एका पत्त्यावर. शनिवारी पट्टी सुटली. "दिसतंय का गं?" विचारलं, तर म्हणे, "बघू."

रविवारी दोऱ्याची रिळं घ्यायला निघालो तर दुकान बंद. समोर चित्रांची गॅलरी, दार सताड उघडं, आतून गार हवा येतेय. म्हटलं, "चल, फुकटात बसू." उभ्या जन्मात असल्या जागी पाय ठेवला नव्हता.

पहिल्याच चित्रापुढे बाईने माझं मनगट आवळलं.

"अहो, सगळा धूर दिसतोय. गेला हो माझा डोळा."

पुढे होऊन बघतो तर मलाही धूरच! म्हटलं, संपलं, आता दोघांना वाट कोण दाखवणार?

खुर्चीवरचा वॉचमन हसू दाबत उठला. "आजी, ते धुकंच काढलंय. नदीवरचं. खाली चिठ्ठी चिकटवलीये, वाचा की."

चिठ्ठी ती केवढी, औषधाच्या बाटलीवर असते तेवढी. मी चष्मा चाचपत राहिलो. बाईने मान पुढे काढली आणि पहिलीतल्या पोरीसारखं अक्षर लावलं, "प-हा-टे... पहाटेचा घाट!"

"परत वाच."

"बहिरे झालात का?" अशी ओरडली की अख्खी गॅलरी वळली.

मग काय विचारता! माझी बाही सोडली ती सोडलीच. आधी चिठ्ठ्या वाचत सुटली, मग चित्रं. एकापुढे थबकली, "अगं बाई, एवढा पिवळा असतो होय पिवळा!" ती गॅलरी झाली, शेजारची झाली, मग पुलापलीकडची. चहा म्हटलं तर, "तुम्ही प्या." माझ्या टाचा बोलायला लागल्या. तिथला वॉचमन म्हणाला, "आजी, बंद करायचंय." तर त्यालाच दम, "थांब रे, एवढी भिंत राहिलीये!"

त्या भिंतीवर कुणा म्हाताऱ्याचं चित्र होतं. ते बघितलं, आणि वळून माझ्याकडे बघायला लागली. बराच वेळ. शिवण तपासावी तसं गालावरून बोट फिरवलं.

"अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा."

हसली. पण घर येईपर्यंत माझ्याकडेच बघत होती.

तुम्ही परके, तुम्हाला तोंडदेखलं बोलायचं कारण नाही. असे इकडे उजेडात या, आणि खरं सांगा, या थोबाडात एवढं बघण्यासारखं आहे तरी काय?