भिंतीच्या रेषेत

सुताराने लाकडी पट्टीचे दोन तुकडे भिंतीच्या तळाशी टेकवून ठेवले, तिसरा नमुन्यासाठी भिंतीत पाडलेल्या खाचेत हलकेच ठोकून बसवला आणि हात झटकत तो मागे सरकला.

"आता बघा."

ती गुडघ्यांवर बसली. पहिल्या दोन पट्ट्या भिंतीपुढे आलेल्या होत्या, एक गोल काठाची, एक चौकोनी. तिसऱ्या तुकड्यावरून तिने वरून खाली बोट फिरवलं. भिंत कुठे संपली आणि लाकूड कुठे लागलं, ते तिला फक्त गारव्यातल्या फरकाने कळलं.

"हीच," ती म्हणाली.

"मला वाटलंच." सुतार हसला. "पण ताई, साधी स्कर्टिंग भिंतीच्या चुका झाकते. ही काहीच झाकत नाही."

आजवर ती भाड्याच्या सहा घरांत राहिली होती आणि एकाही घरात कपाट भिंतीला नीट टेकलं नव्हतं. खालच्या पट्टीमुळे मागे बोटभर फट राहायची आणि त्या फटीत पेन्सिली, बटणं, एकदा तर नवऱ्याचा पासपोर्टही गेला होता. स्वतःचं घर बांधायचं ठरलं तेव्हाच तिने ही एक गोष्ट मनात पक्की केली होती. नवरा म्हणायचा, लोक खिडक्यांवरून भांडतात, आपण चार इंचांच्या पट्टीवरून.

"ही नंतर बसवता येत नाही," सुतार सांगू लागला. "गिलावा चालू असतानाच खाली चार इंच जागा सोडायची. पट्टी जेवढी जाड तेवढाच गिलावाही जाड हवा, आणि खालची कड दोरीसारखी सरळ. कागदभर जरी पुढेमागे झालं तरी दिसतं."

"एवढं नेमकं करणारं कोण आहे?"

"दादा आहे ना माझा. दुसऱ्या कोणाला देणार असाल तर हे काम मी घेणार नाही."

मोठा भाऊ, म्हणजे गिलाव्याचा मिस्त्री, दोन दिवसांनी आला. साठीचा, कमी बोलणारा. त्याने सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, कोपऱ्याकोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि एकच अट घातली. काम चालू असताना खोलीत कोणी थांबायचं नाही.

"मी बघितलं तर चालेल ना?" तिने विचारलं. ती शाळेत भूमिती शिकवायची. सुट्टी लागल्यापासून रोज बांधकामावर यायची आणि कोणतीही गोष्ट कशी होते ते बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"झाल्यावर बघा की. भिंत काही पळून जात नाही."

मिस्त्री दुपारी एका खोलीचा गिलावा संपवून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी तो पुढची खोली घ्यायचा, तेव्हा आधीच्या खोलीत सुताराचं पट्ट्या कापणं आणि रंधा मारणं उरकलेलं असायचं. सुतार सकाळी लवकर येऊन अकराच्या आत जायचा, मिस्त्री त्यानंतर यायचा. आठवडाभरात तिने दोघा भावांना एका छताखाली एकदाही बघितलं नाही.

"त्यांचं वाकडं असणार," नवरा म्हणाला.

"मग तो दादाशिवाय काम घेणार नाही असं का म्हणाला?"

"तुला कशाला नसत्या चौकशा? भिंती सरळ आहेत ना?"

भिंती सरळ होत्या, आणि गंमत नेमकी तिथेच होती. एका संध्याकाळी दिवाणखान्यात तिने सवयीने खालच्या कडेवरून बोट फिरवलं. दाराजवळ कड किंचित आत गेलेली लागली, पुन्हा बाहेर आली, खिडकीखाली परत तसंच. पाण्यावर उठावी तशी बारीक लाट. उद्या सुताराला दाखवू, असं म्हणून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता येऊन बघते तर लाट नव्हती. तिने तीन वेळा बोट फिरवलं. कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

तिने सुताराला आडून विचारलं, "तुमचं आणि दादांचं बोलणं नाही का?"

"नाही कसं? शेजारीशेजारी तर राहतो. काल माझ्याकडेच जेवला."

"मग कामावर कधी एकत्र दिसत नाही ते?"

"कामावर नाही जमत," तो म्हणाला आणि त्याने करवत सुरू केली.

पुढच्या खोलीच्या वेळी ती सात वाजताच आली. नळाला पाणी आलं का ते बघायचंय, असं घरी सांगून. पायातल्या चपला तिने बाहेरच काढल्या, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

सुतार जमिनीवर पालथा पडला होता. गाल फरशीला लागलेला, एक डोळा मिटलेला. हातातल्या पातळ पात्याने तो गिलाव्याची कड खरवडत होता, नखाएवढी पुट्टी भरत होता, पुन्हा खरवडत होता. हातभर अंतर गेल्यावर त्याला तिची पावलं दिसली. तो उठून बसला. गालावर पांढरा डाग तसाच होता.

"उजवा हात थरथरतो दादाचा," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. वर भिंतीवर कळत नाही, गिलाव्याचा मोठा रंधा सांभाळून घेतो. खालची कड काढताना मात्र..." त्याने पातं पँटला पुसलं. "मला गिलाव्याची दोरी धरायला त्याने शिकवलं. मी सुतारकामाला जातो म्हटल्यावर घरात सगळे चिडले होते. पहिला रंधा त्यानेच आणून दिला."

"तुम्ही हे करता ते त्यांना माहीत आहे?"

"छे. कळलं तर त्याच दिवशी थापी ठेवून देईल. मग घरात बसून करणार काय?" तो तिच्याकडे बघत होता. "घर तुमचं आहे, ताई. चालत नसेल तर स्पष्ट सांगा. दुसरा माणूस बघून देतो."

तिने खाली वाकून भरलेल्या भागावरून बोट फिरवलं. मग पदराला बोट पुसलं.

"पाणी आलंय का बघायला आले होते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे गेली.

शेवटची खोली कोपऱ्यातली होती. सहा कोन, दोन खांब, खिडकीखाली कट्टा. मिस्त्रीला तिथे दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास त्यानेच तिला हाक मारली.

"झाली. या बघायला."

ती उंबऱ्यापाशीच थांबली. या वेळी तिने बोट फिरवलं नाही, बघून मान हलवली. "छान झालीय."

मिस्त्री भिंतीकडे बघत होता, तिच्याकडे नाही. उजवं मनगट त्याने डाव्या हातात धरलं होतं.

"तो उद्या किती वाजता येणार?"

"सात म्हणाले होते."

"सहाला बोलवाल त्याला? इतर खोल्यांपेक्षा इथे जास्त आहे."

"जास्त काय?" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने थापी उचलली. "काम," तो म्हणाला. "आणि मी सांगितलं म्हणू नका."

तो थापी धुवायला अंगणात गेला. तिने तिथेच उभं राहून सुताराला फोन लावला. उद्या मला लवकर बाहेर जायचंय, सहाला आलात तर बरं होईल, असं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे करवतीचा आवाज थांबला.

"दादा काही म्हणाला का?" सुताराने विचारलं.

खिडकीतून मिस्त्री दिसत होता. नळाखाली थापी धरून तिची कड अंगठ्याने सावकाश पुसत होता.

"हो," ती म्हणाली. "खोली झाली म्हणाले."